प्रीमियम कंपनीचा, पैसा कुणाचा?

मार्चचा तिसरा आठवडा आला की छोट्या कंपन्यांच्या ऑफिसात दोन माणसं हमखास भेटतात. एक अकाउंटंट. पंधरा तारखेला ॲडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता भरून तो जरा कुठे टेकलेला असतो. दुसरा विमा एजंट. चहा येईपर्यंत तो इकडचंतिकडचं बोलतो आणि कप हातात आला की मुद्द्यावर येतो : "साहेब, प्रीमियम कंपनीतून भरा. सगळा खर्चात जातो. आणि पुढे पैसे येतील ते पूर्ण टॅक्स-फ्री."

या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा असू शकतो. दुसराही खरा असू शकतो. पण दोन्ही अर्धे एकाच पॉलिसीला लावायचे, तर मधे कुणीतरी, कुठेतरी कर भरलेला असावा लागतो. तो कुणी भरायचा हे एजंट सांगत नाही आणि मालकही विचारत नाहीत. "खर्चात जातो" एवढं कानावर पडलं की पुढचं ऐकूच येत नाही.

बोलायला एक कंपनी धरू. भोसरीच्या एमआयडीसीत शेड, मोल्ड आणि डाय बनवणारी टूलरूम, प्रायव्हेट लिमिटेड. नवरा-बायको दोघं डायरेक्टर, सगळे शेअर घरातच. पस्तीस कामगार. आणि एक डिझाइन हेड. तो नात्यातला नाही, पगारी आहे. पण गिऱ्हाईक ड्रॉइंग पाठवतं ते त्याच्या नावानं, आणि पहिल्या ट्रायलला मोल्ड बसला नाही तर रात्री अकराला फोन जातो तोही त्यालाच.

या एका शेडमधून आयुर्विम्याचे निदान चार तऱ्हेचे प्रीमियम जाऊ शकतात : डिझाइन हेडच्या आयुष्यावर कंपनीनं स्वतःसाठी घेतलेली पॉलिसी, मालकाच्या घरच्यांसाठी असलेली मालकाची पॉलिसी, कामगारांचा गट विमा, आणि बँकेनं कर्ज देताना घ्यायला लावलेला विमा. बँक स्टेटमेंटमध्ये चारही नोंदी जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. प्राप्तिकर कायद्याला मात्र त्या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्या ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो : उद्या क्लेम मंजूर झाला, तर पैसे कुणाच्या खात्यात येतील? प्रीमियम कुणी भरला यावरून निम्मंच कळतं. पैसा कुठे जाणार हे कळलं की उरलेलं आपोआप उलगडत जातं.

(एक खुलासा आधीच करतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा जुना प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा लागू झाला आहे आणि कलमांचे नंबर बदलले आहेत. ८०सी आता १२३ झालं. इथे मी जुनेच नंबर वापरतो, कारण सीएंच्या तोंडात, निकालपत्रांत आणि एजंटच्या वहीत अजून तेच आहेत. या विषयातली मूळ रचना तीच आहे.)

माणूस गेला तर कंपनीला पैसे

आधी डिझाइन हेडची पॉलिसी घेऊ. प्रस्ताव कंपनीचा, मालकी कंपनीची, प्रीमियम कंपनीचा आणि क्लेमही कंपनीलाच. त्या माणसाचं फक्त आयुष्य विम्याखाली. याला कीमन पॉलिसी म्हणतात. कायद्यातली व्याख्या बरीच ऐसपैस आहे : एका व्यक्तीनं दुसऱ्या व्यक्तीच्या आयुष्यावर घेतलेली पॉलिसी, आणि ती दुसरी व्यक्ती पहिलीची आजी किंवा माजी कर्मचारी हवी, नाहीतर तिच्या धंद्याशी कुठल्याही नात्यानं जोडलेली हवी. शब्द कीमन असला तरी ती बाई असू शकते, हे सांगायची वेळ अजून येते. आपल्याच टूलरूममध्ये बँक, जीएसटी आणि वसुली तिन्ही बायको बघत असेल, तर त्या शेडमधली सगळ्यात महागडी किल्ली कुणाकडे आहे ते मालकालाही माहीत असतं.

हा प्रीमियम खर्चात जातो. कलम ३७(१) प्रमाणे खर्च धंद्यासाठीच झालेला हवा, भांडवली नको आणि कुणाचा वैयक्तिकही नको. कीमनचा प्रीमियम त्यात बसतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं १८ फेब्रुवारी १९९८ च्या परिपत्रक क्रमांक ७६२ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय, त्यामुळे इथे वादाला फारशी जागा नाही. एजंटच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा ठरला.

आता दुसरा अर्धा. आयुर्विम्याचे पैसे करमुक्त असतात, हे आपण कलम १०(१०डी) मुळे म्हणतो. त्याच कलमात अपवाद आहेत, आणि कीमन पॉलिसीचे पैसे त्यातला एक अपवाद. इथे एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. मोठ्या प्रीमियमच्या इतर पॉलिसींना जे अपवाद लागतात, त्यात "मृत्यूनंतर मिळालेली रक्कम मात्र करमुक्तच" अशी सवलत ठेवलेली आहे. कीमनला ती नाही. मुदतपूर्तीचे पैसे असोत, सरेंडरचे म्हणजे पॉलिसी मधेच मोडल्याचे असोत, नाहीतर माणूस गेल्यावर आलेले असोत, कलम २८(६) खाली ते कंपनीचं धंद्याचं उत्पन्न. सगळे. बोनससकट.

आकड्यात बघू. समजा २ कोटींचा टर्म विमा आहे (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा) आणि वर्षाचा प्रीमियम ६०,००० रुपये. कंपनीनं कलम ११५बीएए चा सवलतीचा दर घेतलाय. २२ टक्के, त्यावर १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून तो २५.१६८ टक्के पडतो. म्हणजे दरवर्षी साधारण १५,१०० रुपये कर वाचला. वीस वर्षं हप्ते भरले तर एकूण वाचले तीन लाखांच्या आसपास. आणि विसाव्या वर्षी क्लेम आला, तर २ कोटींवरचा कर ५०,३३,६०० रुपये. हातात उरले १,४९,६६,४००.

कुणी हुशारीनं म्हणेल, मग आम्ही प्रीमियम खर्चात टाकणारच नाही, क्लेम तरी सुटेल. सुटत नाही. कलम २८(६) क्लेमवर कर लावताना प्रीमियमची वजावट घेतली होती का, असं विचारत नाही. पॉलिसी कीमन आहे एवढं त्याला पुरेसं. तेव्हा वजावट सोडून देणं म्हणजे बसचं तिकीट काढून चालत जाण्यातला प्रकार.

याचा अर्थ कीमन विमा घेऊ नये असा नाही. ज्या वर्षी डिझाइन हेड जातो, त्या वर्षी टूलरूमच्या ऑर्डरी रद्द होतात, उशिराचा दंड बसतो, दुसरा माणूस दीडपट पगारानं आणावा लागतो. तो सगळा खर्च आणि तोटा त्याच धंद्याच्या उत्पन्नातून वजा होतो, कारण क्लेमही धंद्याचंच उत्पन्न आहे. खड्डा जेवढा खोल, तेवढा क्लेमवरचा कर कमी. माझ्या मते कायद्यानं इथे केलेला हिशेब वाईट नाही : नफा बुडाला म्हणून भरपाई मिळाली, तर त्या नफ्यावर जो कर पडला असता तो भरपाईवर पडणार. फक्त विम्याची रक्कम ठरवताना हे आधी धरायला हवं. कंपनीला कर जाऊन १ कोटी हातात हवे असतील, तर विमा १ कोटी ३४ लाखांच्या आसपास हवा. सव्वा टक्का कमिशनचा हिशेब बोटांवर करणारे एजंट ही बेरीज करताना मी क्वचित पाहिलेत.

आणखी एक. विमा कंपनी अशा रकमेतल्या उत्पन्नाच्या भागावर कलम १९४डीए खाली टीडीएस कापते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दर ५ वरून २ टक्के झाला. २ टक्के कापलेले दिसले की "टॅक्स झाला" असं समजून मालक मोकळा होतो. ती फक्त पावती असते. उरलेला कर कंपनीनं रिटर्नमध्ये भरायचा असतो.

पॉलिसीनं टोपी कशी बदलली

कीमनच्या पैशांवर कर लावणारी तरतूद १९९६ च्या वित्त कायद्यानं आली. त्यानंतर करसल्लागारांच्या डोक्यातून जी युक्ती निघाली, ती निदान ऐकण्यासारखी आहे.

त्या काळी कीमन विमा टर्मपुरता मर्यादित नव्हता. बचतीच्या, जाडजूड प्रीमियमच्या पॉलिसीही कीमन म्हणून विकल्या जायच्या. कंपनी डायरेक्टरच्या नावावर अशी पॉलिसी घ्यायची. काही वर्षं लाखांनी प्रीमियम भरायचे, सगळे खर्चात टाकायचे. मग पॉलिसीची सरेंडर किंमत अजून तळाला असतानाच ती डायरेक्टरच्या नावावर असाइन करून द्यायची, म्हणजे तिचे हक्क त्याला लिहून द्यायचे. डायरेक्टर कंपनीला ती फुटकळ सरेंडर किंमत द्यायचा, पुढचे एकदोन हप्ते स्वतः भरायचा, आणि मुदत संपली की भली मोठी रक्कम घरी न्यायचा. कर? तो म्हणायचा, कसला कर, आता ही कीमन पॉलिसी कुठे राहिली, ही माझी साधी पॉलिसी आहे. कंपनीच्या दारातून आत आली तेव्हा एक टोपी, मागच्या दारानं गेली तेव्हा दुसरी.

प्राप्तिकर खातं यावर कोर्टात गेलं आणि हरलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये राजन नंदा यांच्या खटल्यात सांगितलं की असाइन झाल्यावर ती साधी पॉलिसी होते, आणि तिची मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त. कायद्याचे शब्द तसे होते, कोर्टानं ते तसे वाचले. पळवाट बुजवणं हे संसदेचं काम, आणि संसदेनं ते पुढच्याच वर्षी केलं. २०१३ च्या वित्त कायद्यानं व्याख्येत भर घातली : मोबदला घेऊन असो वा न घेता, मुदतीत केव्हाही कुणाच्याही नावे असाइन केलेली कीमन पॉलिसी ही कीमनच राहील. १ एप्रिल २०१४ पासून, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०१४-१५ पासून, हा खेळ बंद. कर्मचाऱ्याच्या हातात आलेली रक्कम कलम १७(३) खाली पगाराऐवजीचा लाभ म्हणून करपात्र, आणि कुठल्याच खान्यात बसली नाही तर कलम ५६ खाली इतर उत्पन्न.

विमा नियामकानं तर त्याआधीच, २००५ मध्ये, कीमन विमा फक्त शुद्ध टर्म स्वरूपाचा असावा असं ठरवून दिलं होतं. टर्म पॉलिसीला सहसा सरेंडर किंमतच नसते, त्यामुळे युक्तीचा कच्चा माल संपला. म्हणून आज कुणी "कीमनमध्ये गुंतवणूक" असे शब्द वापरत समोर बसला, तर चहा पाजावा आणि रजा द्यावी.

घरच्या कंपनीची अडचण

आता मालकाच्या मनातला खरा प्रश्न. कीमन म्हणून डिझाइन हेड ठीक, पण कंपनी चालते माझ्यावर. माझीच कीमन पॉलिसी का नको?

कराच्या बाजूनं हरकत नाही. व्याख्येत डायरेक्टर सहज बसतो, कारण कंपनी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती. हरकत येते ती विमा कंपनीच्या काउंटरवर. बऱ्याच विमा कंपन्यांच्या आतल्या नियमांत अशी अट असते की कीमनकडे ५१ टक्के किंवा जास्त शेअर नसावेत, आणि त्याच्या कुटुंबाचे मिळून शेअरही ७० टक्क्यांच्या खाली असावेत. तर्क सरळ आहे. शंभर टक्के शेअर ज्या घरात आहेत, त्या घरचा माणूस गेल्यावर कंपनीला मिळालेले पैसे म्हणजे घरालाच मिळालेले पैसे. तो कीमन विमा नव्हे, कंपनीच्या खर्चानं घेतलेला घरचा विमा झाला. शिवाय विम्याची रक्कमही कंपनीच्या गेल्या काही वर्षांच्या नफ्याच्या पटीत आणि त्या माणसाच्या पगाराच्या पटीत मोजतात. कर वाचवायला नफा कमी दाखवत आलेल्या मालकाला इथे पहिल्यांदा त्याची किंमत कळते.

भागीदारी फर्मचं थोडं वेगळं आहे. फर्मनं भागीदाराच्या आयुष्यावर घेतलेल्या कीमन पॉलिसीचा प्रीमियम खर्च धरायचा का, यावर खात्यानं वाद घातला होता. मुंबई उच्च न्यायालयानं २०१० मध्ये बी. एन. एक्स्पोर्ट्स प्रकरणात फर्मच्या बाजूनं निकाल दिला. कर्मचारीच असला पाहिजे असं व्याख्या म्हणत नाही, "धंद्याशी जोडलेला" एवढं पुरतं. एकट्याची प्रोप्रायटरी असेल तर मात्र दारच बंद : तिथे धंदा आणि माणूस कायद्याला एकच, आणि व्याख्येला "दुसरी व्यक्ती" हवी. किराणा दुकानदारानं स्वतःच्या पॉलिसीचा हप्ता दुकानाच्या खर्चात टाकला तर तो मालकाची खासगी उचल म्हणूनच धरला जाईल.

मालकाची पॉलिसी, कंपनीचा चेक

प्रत्यक्षात सगळ्यात जास्त सापडतो तो हा प्रकार. पॉलिसी मालकाच्या नावावर, नॉमिनी बायको, आणि हप्ता कंपनीच्या खात्यातून परस्पर जातो. वहीत तो "इन्शुरन्स" या खात्यात, शेडच्या आगीच्या विम्याला आणि टेम्पोच्या विम्याला चिकटून बसलेला असतो.

इथे क्लेम घरी जाणार. म्हणजे कंपनीनं मालकाचा खासगी खर्च भरला. कायदा त्याला नाही म्हणत नाही. तो म्हणतो, मग तो मालकाचा पगार समजा. कर्मचाऱ्याच्या आयुष्यावरच्या विम्यासाठी मालक-संस्थेनं भरलेली रक्कम कलम १७(२)(५) प्रमाणे पर्क्विझिट, म्हणजे पगाराबरोबर मिळालेला करपात्र लाभ आहे. डायरेक्टर पगारावर नसला तरी सुटका नाही. कंपनीनं डायरेक्टरची देणी परस्पर भरली तर ते त्याचं उत्पन्न, असं उत्पन्नाच्या व्याख्येतच कलम २(२४)(४) मध्ये लिहिलंय.

तेव्हा सरळ मार्ग असा : संचालक मंडळाचा ठराव, पगाराच्या करारात उल्लेख, प्रीमियमची रक्कम फॉर्म १६ मध्ये पर्क्विझिट म्हणून, आणि त्यावर टीडीएस. मग कंपनीला ती पगाराचा खर्च म्हणून वजा मिळते, आणि पुढे नॉमिनीला मिळणारे पैसे १०(१०डी) खाली करमुक्त. एजंटच्या वाक्याचे दोन्ही अर्धे इथे जुळले. पण मधे कर कुणी भरला ते दिसतंय ना? ६०,००० च्या प्रीमियमवर कंपनीचे १५,१०० वाचले, आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या मालकानं उपकरासकट १८,७२० भरले. पगार वाढवून घेतला असता आणि हप्ता स्वतःच्या खात्यातून भरला असता तर काय फरक पडला असता? कराच्या दृष्टीनं काहीच नाही. जुनी कररचना निवडली असेल तर हा प्रीमियम ८०सी च्या दीड लाखांत मोजता येतो. नव्या रचनेत तेही नाही.

सरळ मार्ग सोडला तर? समजा अकाउंटंटनं तो हप्ता वहीतल्या डायरेक्टरच्या चालू खात्याला नावे टाकला, म्हणजे त्याच्याकडून येणं म्हणून दाखवला, वर्षाअखेरीस बघू म्हणून. घरच्या कंपनीत १० टक्के किंवा जास्त मतदान हक्क असलेल्या भागधारकाला दिलेली उसनवार, किंवा त्याच्या वैयक्तिक फायद्यासाठी केलेला खर्च, कलम २(२२)(ई) खाली लाभांश मानला जाऊ शकतो, साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत. लाभांशावर मालक कर भरणार, आणि कंपनीला लाभांशाची वजावट कधीच मिळत नाही. दोन्ही टोकांनी भाजणारं कलम आहे हे. नातेवाइकांना दिलेला मोबदला अवाजवी वाटला तर कलम ४०ए(२) खाली जादा भाग नामंजूर होतो, ते वेगळंच.

मालकाला माझा सल्ला इथे कराचा नसतोच. टर्म पॉलिसी स्वतः घ्या, स्वतःच्या खात्यातून भरा, आणि घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याच्या कलम ६ खाली घ्या. प्रस्तावाबरोबर एक जास्तीचा फॉर्म भरायचा असतो, इतकंच. त्यानंतर त्या पॉलिसीचे पैसे बायको-मुलांसाठी विश्वस्त निधीसारखे राहतात. नवऱ्याच्या घेणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. छोट्या कंपनीच्या मालकानं बँकेला वैयक्तिक हमी दिलेली असतेच असते. त्याच्या माघारी बँक कंपनीकडे जाईल, हमीकडे जाईल, फ्लॅटकडे जाईल. ही एक रक्कम तेवढी दाराबाहेर राहते. वर्षाला पंधरा हजार वाचवायला ही भिंत पाडून पॉलिसी कंपनीच्या नावे करणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

कामगारांचा विमा

हा भाग सोपा आहे. पीएफ लागू असलेल्या आस्थापनेत ठेव-संलग्न विमा योजना, म्हणजे ईडीएलआय, आपोआप येते, तिचा ०.५ टक्का कंपनीच भरते, कामगाराकडून काही कापायचं नसतं, आणि वारसाला कमाल ७ लाख मिळतात. कंपनीला हा खर्च वजा, कामगाराला पर्क्विझिट नाही. कलम १७(२)(५) मध्येच ठेव-संलग्न विमा निधीला वगळलेलं आहे. त्यावर कंपनीनं स्वखुशीनं गट टर्म विमा घेतला तरी प्रीमियम कर्मचारी कल्याणाचा खर्च म्हणून जातो. कामगाराच्या पगारात तो का धरत नाहीत, याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या एल. डब्ल्यू. रसेल निकालात सापडतं : मालकानं भरलेल्या पैशांवर कर्मचाऱ्याचा आज पक्का हक्क नसेल, पुढे काही घडलं तरच मिळणार असेल, तर तो आज त्याला मिळालेला लाभ नव्हे. नोकरी सोडली की गट विमा संपतो. हातात काही येत नाही.

बाहेर काय चालतं

आपली पद्धत, म्हणजे आत्ता वजावट आणि नंतर कर, हीच जगाची रीत असं समजू नये. अमेरिकेत नेमकं उलटं आहे. तिथे कंपनी स्वतः लाभार्थी असेल तर प्रीमियम खर्चात जातच नाही, आणि मृत्यूनंतर आलेली रक्कम कंपनीला करमुक्त. पण त्यातली एक अट जीवघेणी : १७ ऑगस्ट २००६ नंतरच्या पॉलिसींसाठी, पॉलिसी निघण्याआधी त्या कर्मचाऱ्याला लेखी कळवून त्याची लेखी संमती घेतलेली हवी. ती नसेल तर भरलेल्या प्रीमियमच्या वरची सगळी रक्कम करपात्र. न्यू जर्सीत दोघा मित्रांनी काढलेली आयटी कंपनी चालवणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या पुण्याच्या सीए भावाचा सल्ला या एका बाबतीत घेऊ नये. दोन्ही देशांचे नियम एकमेकांच्या आरशातले आहेत.

जपानमध्ये तर छोट्या कंपन्यांच्या मालकांसाठी करबचतीच्या पॉलिसींचा मोठा बाजारच होता. प्रीमियम पूर्ण खर्चात, काही वर्षांनी सरेंडर किंमत शिखरावर, आणि त्याच वर्षी मालक निवृत्त होऊन कंपनीकडून निवृत्तीची घसघशीत रक्कम घेणार, म्हणजे सरेंडरचं उत्पन्न आणि तो खर्च एकमेकांत जिरले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या कर खात्यानं नियम बदलणार असल्याचं विमा कंपन्यांना कळवलं, तेही व्हॅलेंटाइन डेच्या सुमारास. धंद्यात त्याला व्हॅलेंटाइन शॉक हेच नाव पडलं. आता सरेंडरचा परतावा ५० टक्क्यांच्या वर जाणाऱ्या पॉलिसीत प्रीमियमचा काही भाग खर्च न धरता मालमत्ता म्हणून दाखवावा लागतो. भोसरी असो नाहीतर ओसाका, मार्च एंडला बसून डोकं चालवणारी माणसं सारखीच.

बँकेची पॉलिसी

राहिला चौथा प्रीमियम. मशिनसाठी १ कोटीचं कर्ज घेताना बँकेनं मालकाच्या आयुष्यावर विमा घ्यायला लावला. पॉलिसी कंपनीच्या नावे निघाली आणि तारण म्हणून बँकेला असाइन झाली. मालक गेला. विमा कंपनीनं पैसे थेट बँकेला दिले, कर्ज फिटलं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. वर्षाअखेरीस सीए सांगतो की २५ लाख कर भरायचाय.

कशावर? कंपनीच्या खात्यात तर दमडी आली नाही. पण फिटलेलं कर्ज कंपनीचं होतं, पॉलिसी कंपनीची होती, आणि असाइन केल्यानं तिचं कीमनपण जात नाही, हे २०१३ नंतर लिहूनच ठेवलंय. पैसा कुणाच्या खात्यात आला हा माझा लाडका प्रश्न इथे जरा ताणून विचारावा लागतो : पैशानं कुणाचं ओझं उतरलं? तेव्हा कर्जाइतकाच विमा अपुरा पडतो. तो कर धरून काढायचा, नाहीतर मालकानं स्वतःच्या नावची पॉलिसी बँकेला असाइन करायची. मग क्लेमवर कर नाही, पण प्रीमियम कंपनीनं भरला तर वरचा पर्क्विझिटचा प्रश्न पुन्हा दारात.

हे सगळं तपासायला वकील लागत नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर प्रस्तावकाचं नाव, पॉलिसीधारकाचं नाव आणि नॉमिनी किंवा असाइनी अशा तीन ओळी असतात. त्या वाचून वहीत तो हप्ता कुठे बसलाय ते बघायचं. बहुतेक ठिकाणी सापडतं ते असं : पॉलिसी मालकाची, नॉमिनी बायको, आणि कुणीतरी कधीतरी सोय म्हणून कंपनीच्या चालू खात्याचं ऑटो-डेबिट देऊन ठेवलेलं. ते बदलायला बँकेत एक फॉर्म आणि दहा मिनिटं लागतात.